वाशी गाव, सेक्टर कितवा?

वाशीत दहा-दहा वर्षं राहिलेल्या माणसाला विचारा, वाशी गाव कुठे आहे? तो पहिल्यांदा विचारेल, "सेक्टर कितवा?" चूक त्याची नाही. पत्ता म्हणजे सेक्टर, प्लॉट आणि सोसायटी हेच आपण शिकलो. पण हायवेच्या कडेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुनं गाव अजून आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन ॲक्टिव्हा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ ही आपली सगळी 'नोड्स' म्हणजे आधीची गावंच. शहराने त्यांची नावं घेतली. जमीनही घेतली, पण ते पुढे.

स्टेशनच्या वर जी आयटी ऑफिसं आहेत, त्यातल्या एकात मी काही वर्षं काढली. खिडकीतून खाडी दिसायची. आता जिथे पार्किंग आहे तिथे पूर्वी काय पिकत होतं, हा प्रश्न बिल्ड चालू असताना पडायचा. उत्तर सोपं आहे: भात आणि मीठ.

हा सगळा पट्टा आगरी-कोळ्यांचा. आगर म्हणजे मिठाचं आगर, आणि आगरी हे नाव त्यावरूनच आलं असं मानतात. पावसाळ्यात भात, पाऊस सरला की मिठागरावर काम, आणि अधूनमधून खाडीची मासळी, असं वर्ष जायचं. शेत मात्र घाटावरच्यासारखं नाही. ही खारजमीन, म्हणजे भरतीच्या पातळीच्या आसपासची. खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा आणि त्यात एक उघाडी ठेवायची. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जातं, भरतीला झडप मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. पहिल्या जोरदार पावसांनी मातीतलं मीठ धुऊन निघालं की मोड आलेलं बी फेकून पेरायचं, त्याला रहू म्हणतात. जुन्या वाणांमध्ये राता हे नाव ठरलेलं, तांबूस दाण्याचा, खारेपणा सोसणारा भात. शेतात साचलेल्या पाण्यात निवट्या, चिंबोऱ्या मिळायच्या, म्हणजे भाताबरोबर कालवणाचीही सोय.

आता यातली गोम बघा. बांध एका ठिकाणी फुटला तर एकाचं शेत जात नाही, सगळ्यांचं जातं, आणि एकदा खारं पाणी शिरलं की जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. त्यामुळे बांधाची डागडुजी हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. गावकीची जी एकी आपल्याला मोर्च्यांमध्ये दिसते, तिचं एक मूळ या चिखलात आहे असं मला वाटतं. (इतिहासकार हसतील कदाचित. हसोत.)

बरं, ही जमीन तरी कसणाऱ्याची होती का? बऱ्याच ठिकाणी नव्हती. कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली आगरी कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. शेत पडीक ठेवलं, उपासमार सोसली, आणि हे जवळपास सहा वर्षं चाललं! आपल्याकडे एक दिवसाच्या बंदला लोक कंटाळतात. त्या संपाच्या रेट्यातून १९३९ चा कुळकायदा आला, मग १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसेल तो मालक झाला. निदान कागदावर तरी.

१९५७ ला मालकी आणि १९७० ला नोटीस. मध्ये फक्त तेरा वर्षं.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' मासिकात कल्पना मांडली: मुंबई उत्तरेकडे लांबवण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर करा. कल्पना हुशारच होती. सगळी जमीन आधी सरकारने घ्यायची, विकसित करून विकायची, आणि भाव वाढतील त्या पैशातून शहर बांधायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर सीड फंडिंग शेतकऱ्याचं, इक्विटी शून्य. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) मिळून ९५ गावं यात आली. १९७३ ला खाडीपूल झाला आणि ज्या वाशीहून मुंबईला जायला होडी किंवा ठाण्याचा वळसा लागायचा, ती मुंबईच्या दारात आली.

भावाचं काय? १८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव धरला जाई तो पहिल्या अधिसूचनेच्या दिवसाचा. निवाडा दहा वर्षांनी झाला तरी मूळ भाव जुनाच. पूल झाला, रस्ते झाले, शेजारचा प्लॉट कितीला गेला ते शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत होतं, आणि त्याच्या हिशोबात मात्र अजून जुनंच साल चालू होतं. राग येणारच. शेकापचे दि. बा. पाटील, स्वतः जासईचे, या लढ्याचे नेते झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसं गेली. दरवर्षी जानेवारीत तिथे हुतात्म्यांना अभिवादन होतं. आपल्या टॉवरांमध्ये त्याचा पत्ता नसतो.

त्या लढ्याचं फळ म्हणजे साडेबारा टक्के. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी ठरलं की गेलेल्या जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड परत मिळेल. ऐकायला बरं वाटतं, पण जरा गणित करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी ३.७५ टक्के कापले, की उरले साडेतीन गुंठे. तोवर म्हातारे गेलेले, सातबाऱ्यावर चार मुलगे, त्यांच्या बहिणी, नातवंडं. साडेतीन गुंठ्यांचे सात भाग कसे करणार? मग बिल्डर येतो, आणि त्याच्याकडे पेन तयारच असतं.  आणि ज्यांची कुटुंबं वाढली त्यांनी गावठाणालगत घरं बांधली, ती झाली 'गरजेपोटीची बांधकामं', सरकारी भाषेत अनधिकृत.

पुढे विमानतळासाठी जमीन गेली त्या गावांना २२.५ टक्के मिळाले. म्हणजे आधीच्या पिढीने मागितलेलं अवास्तव नव्हतं. २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून हजारो लोक साखळी करून रस्त्यावर उभे राहिले, तेव्हा ऑफिसमध्ये "नावात काय आहे" अशी चर्चा मी ऐकली. वरचा हिशोब माहीत असता तर कदाचित झाली नसती.

आणखी एक गंमत. जिथे भात पिकायचा थांबला, त्याच पट्ट्यात राज्यातली सर्वात मोठी घाऊक बाजारपेठ आली. आधी कांदा-बटाटा, १९९६ मध्ये भाजी आणि फळं.

आणि सागर विहारकडे फिरायला गेलात तर मिनी-सीशोअरजवळचा तलाव नीट बघा. तो 'होल्डिंग पॉण्ड' आहे. डच पद्धतीचा म्हणतात. पावसाचं पाणी आधी त्यात साठतं, ओहोटीला झडपेतून खाडीत जातं आणि भरतीला झडप मिटते. म्हणजे उघाडीच! फक्त डागडुजीला आता गावकी जमत नाही, टेंडर निघतं. तळ्यांत गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय, आणि जोरदार पाऊस अन् मोठी भरती एका वेळी आली की वाशीच्या कुठल्या सेक्टरांत पाणी चढतं ते पावसाळ्यात तुम्ही पाहिलंच असेल.