दोषसंकेतांची भाषा : बांधकामयंत्रांच्या विद्युत्-निदानाचा इतिहास

यंत्रातील बिघाड ओळखणे हा विषय भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटणे साहजिक आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांत अवजड यंत्रे आपला बिघाड स्वतःच अंकांत सांगू लागली. जेथे सांगणे आले तेथे चिन्ह आले, चिन्हार्थ आला आणि विपरीत अर्थ लावण्याची शक्यताही आली. ही विपरीतार्थाची शक्यता बरीच महाग पडते. निर्दोष संवेदक काढून टाकले जातात, नवे बसविले जातात, आणि यंत्र पूर्ववत् बंदच राहते.

विद्युत्-दोष दुरून ओळखण्याची विद्या मुळात तारायंत्राची. 1858 साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार सुमारे तीन आठवड्यांत मुकी झाली. समुद्रतळाशी जाऊन पाहणे अशक्य, म्हणून किनाऱ्यावर बसून तारेचा रोध मोजावयाचा आणि त्यावरून दोषाचे अंतर काढावयाचे, हाच मार्ग होता. 1861 साली ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरविण्यासाठी समिती नेमली, तिच्यामागे ही निकडही होती. पुढे 1923 साली ब्रिटिश टपालखात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी याच्या कल्पनेतून ॲम्पिअर, व्होल्ट व ओहम मोजणारे एकच उपकरण, ॲव्होमीटर, बाजारात आले. बांधकामयंत्रांना मात्र त्याची गरज तेव्हा फारशी नव्हती. 1931 साली कॅटरपिलर कंपनीने आणलेला डिझेल ट्रॅक्टर लहान पेट्रोल-इंजिनाने सुरू करावा लागे. त्यात विजेचा कारभार नाममात्र होता. आवाज, धूर, वास आणि हाताला लागणारी उष्णता ही निदानाची साधने होती.

हे चित्र पालटले ते इंधन सोडण्याचे काम विद्युत्-नियंत्रकाकडे गेल्यावर. नियंत्रक अनेक झाले, त्यांना परस्परांशी बोलणे भाग पडले. 1983 साली बॉश कंपनीने हाती घेतलेली 'कॅन' ही संदेशवहनपद्धती 1986 साली डेट्रॉइट येथे जाहीर झाली. तिच्या आधारे अमेरिकन वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने 1990 नंतरच्या दशकात 'जे 1939' ही मानकमालिका सिद्ध केली. तिच्यातील दोषसंकेताची रचना व्याकरणाच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. तिचे मुख्य घटक दोन. पहिला, 19 द्विमान-अंकांचा, कशाविषयी बोलणे चालले आहे ते सांगतो : 100 म्हणजे इंजिनतेलाचा दाब, 110 म्हणजे शीतक द्रवाचे तापमान. दुसरा, 5 द्विमान-अंकांचा, काय घडले ते सांगतो : 3 म्हणजे विद्युद्दाब प्रमाणाहून अधिक, 4 म्हणजे उणा, 5 म्हणजे प्रवाह उणा अथवा मंडल खंडित. हे उद्देश्य आणि विधेय होय.

याहूनही मार्मिक गोष्ट शून्याची. दाबाचा संवेदक 5 व्होल्टांवर चालत असला तरी त्याची बोली बहुधा 0.5 ते 4.5 व्होल्ट एवढ्याच पट्ट्यात ठेवलेली असते. दाब शून्य असला तरी तो अर्धा व्होल्ट देतो. तो पूर्ण शून्य देऊ लागला तर ते 'दाब नाही' हे विधान नव्हे, ते मौन होय. कारखान्यांतील 4 ते 20 मिलिॲम्पिअरच्या संकेतामागेही हेच तत्त्व आहे. पाणिनीने लोपाला संज्ञा दिली, याकोबसनने 1939 साली शून्यचिन्हावर निबंध लिहिला. उच्चार नसणे हेही अर्थवाही असू शकते, हे दोघांचेही म्हणणे. अभियंत्यांची समस्या नेमकी उलटी होती : उच्चार नसणे अर्थवाही होऊ नये, ते केवळ बिघाडाचे लक्षण राहावे. त्यासाठी त्यांनी शून्यालाच उच्चार दिला.

आता विपरीतार्थाकडे वळू. पडद्यावर '110, 3' उमटले की अननुभवी माणूस शीतकाच्या तापमानाचा संवेदक बदलावयास घेतो. वस्तुतः येथे कोठेही जादा वीज आलेली नसते. नियंत्रक आतल्या रोधातून 5 व्होल्ट पाठवितो. संवेदकापर्यंतची तार तुटली की ते 5 व्होल्ट खाली उतरत नाहीत, आणि नियंत्रकाला ते 'अधिक' दिसतात. विधान खरे आहे, पण ते नियंत्रकाच्या जागेवरून केलेले आहे. संकेत मंडलाकडे बोट दाखवितो, सुट्या भागाकडे नव्हे. सगळ्या निदानविद्येचा कणा मी यातच पाहतो.

जाणता कारागीर अशा वेळी जे करतो ती येल्म्स्लेवच्या विनिमय-कसोटीची सख्खी बहीण आहे. संवेदकाची जोडणी सोडवून तो तिच्या दोन टोकांना तारेच्या तुकड्याने जोडतो. संकेत 3 वरून 4 वर गेला तर तार व नियंत्रक शाबूत, दोष संवेदकात. तो 3 वरच अडून राहिला तर दोष वाटेत. एक घटक बदलून अर्थ बदलतो का, एवढेच पाहावयाचे.

याच कारणाने एकदम चारपाच संकेत उमटले म्हणजे चारपाच दोष असतात असे नाही. अनेक संवेदकांना 5 व्होल्टांचा पुरवठा एकाच वाटेने होत असेल, तर एकातील शॉर्ट सर्वांना खाली ओढतो. एकेक जोडणी सोडवीत जावे. ज्या क्षणी बाकीचे संकेत निवळतात तो अपराधी. ओहममापकही फसवितो. जाड तारेचे सर्व धागे तुटून एकच उरला तरी रोध जवळजवळ शून्यच दिसतो. भार पडताच मात्र विद्युद्दाब कोसळतो. म्हणून भार असतानाच तारेच्या दोन टोकांमधील दाबाची घट मोजावी लागते. सांगाड्याला जोडलेली गंजलेली 'अर्थ' तार हे याचे नेहमीचे ठिकाण. आपल्याकडे 'अर्थ नीट लागत नाही' हे वाक्य कारखान्यात व वर्गात सारख्याच गांभीर्याने उच्चारता येते, हा योगायोग येथे नोंदवून ठेवतो.

संदेशवाहक तारांची परीक्षा त्यामानाने सोपी. दोन्ही टोकांना 120 ओहमांचा एकेक रोध असतो. वीज बंद करून मोजल्यास 60 यावे. 120 आले तर एक टोक हरवले आहे.

भारतात 2021 च्या एप्रिलपासून बांधकामवाहनांना प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागू झाले, आणि लहानमोठ्या कार्यशाळांतही या अंकभाषेचा शिरकाव वाढला. तथापि मानकाने सर्व शब्द सार्वजनिक ठेवलेले नाहीत. काही क्रमांक उत्पादकांच्या खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. त्यांचा कोश उत्पादकाच्या पुस्तकात किंवा संगणक-आज्ञावलीत असतो, आणि ती विकत घ्यावी लागते. शेतीयंत्रांबाबत अमेरिकेत हाच वाद पेटून 2023 च्या जानेवारीत शेतकरीसंघ आणि डिअर कंपनी यांच्यात सामंजस्यपत्र झाले. बांधकामयंत्राचा फिटर मात्र आजही कित्येकदा असा अंक हातात घेऊन उभा असतो, की जो त्याला वाचता येतो, पण ज्याचा कोश त्याच्यापाशी नाही.