टन कशाचा?

वातानुकूलन यंत्र घ्यायला गेलो की दुकानदार आधी विचारतो, "किती टनाचे हवे?" यंत्र तर दोन माणसे सहज उचलून नेतात. मग हा टन कशाचा? हा टन बर्फाचा आहे, आणि तोही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा.

त्या काळी गारवा म्हणजे बर्फच. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात झाकून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात विकायच्या, असा तिथला मोठा धंदा होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली १८० टन बर्फ जहाजाने कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांनी त्यातला सुमारे १०० टन पोहोचला! पुढे मुंबई-मद्रासलाही अमेरिकी बर्फासाठी बर्फघरे झाली. मद्रासचे आजही उभे आहे.

नंतर बिअरच्या कारखान्यांत आणि मांसाच्या गोदामांत शीतकरण यंत्रे आली. गिऱ्हाइकाचा प्रश्न साहजिक होता: हे यंत्र दिवसाला किती टन बर्फाचे काम करील? हिशेब वर्गात करून घेण्याजोगा आहे. अमेरिकी टन म्हणजे २००० पौंड, म्हणजे ९०७ किलोग्रॅम. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायचा, तर तासाला सुमारे ३००० किलोकॅलरी लागतात. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. तेव्हा टन हे यंत्राचे वजन नाही आणि खोलीचे मापही नाही. दर तासाला किती उष्णता बाहेर काढायची, त्याचे ते माप आहे.

पण ती उष्णता येते कुठून? इथे १९०२ साल महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगे-आकसे आणि रंगावर रंग नीट बसत नसे. त्यांना हवा कोरडी हवी होती, गारव्यासाठी त्यांचा आग्रह नव्हता. पंचविशीतला अभियंता विलिस कॅरियर याने हवामान खात्याची कोष्टके घेऊन दवबिंदूचे गणित मांडले आणि थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातले बाष्प काढले. त्याच्या यंत्रणेची शक्ती दिवसाला ५४ टन बर्फ वितळण्याइतकी होती. बाष्प काढणे हे स्वस्तातले काम नव्हे: एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ५९० कॅलरी बाहेर पडतात. बर्फाच्या ८० शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

आपल्याकडे मात्र 'शंभर चौरस फुटांना एक टन' असा ठोकताळा चालतो. यात गच्चीवरचे ऊन नाही, पश्चिमेची खिडकी नाही, माणसे नाहीत. शांत बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता देतो. पस्तीस माणसे जमली की एक टन त्यांचाच! आणि बाष्प तर नाहीच नाही. मे महिन्यात नागपूरची कोरडी खोली आणि मुंबईची दमट खोली क्षेत्रफळाने सारखी असली, तरी भार वेगळा.

'थोडे मोठेच घेतलेले बरे' हा सल्ला मुंबईत अंगाशी येतो. मोठे यंत्र खोली झटकन गार करते आणि तापमान उतरताच बंद पडते. बाष्प नळ्यांवर जमून वाहून जायला वेळच मिळत नाही. नळ्यांवर उरलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते. खोली थंड होते, पण ओलसर राहते. मग माणूस तापमान आणखी दोन अंशांनी खाली आणतो आणि विजेचे बिल चढते.