कपाटापलीकडचे जग

पेण-रोह्याकडील जुन्या घरांतला अंधारा माळा मुलांना खुणावतोच. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात कथांचे (१९५०-५६) आकर्षणही अशाच कुतूहलात आहे. युद्धकाळात लंडनहून दूर पाठविलेल्या चार भावंडांना परक्या घरातील कपाटातून नवे जग गवसते.

या कल्पनेमागे लेखकाचे दुःखही आहे. १९०८ साली, ते नऊ वर्षांचे असताना, त्यांची आई कर्करोगाने गेली. बालमनाने केलेली प्रार्थना फळली नाही. पुढे श्रद्धा हरवली. १९३१ मध्ये ती परतली, त्यात टोल्किन या कॅथलिक मित्राचाही वाटा होता. १९५५ च्या कथेत मुलगा नार्नियातून सफरचंद आणतो आणि त्याची आजारी आई बरी होते. पलीकडे गेलेले लेकरू घरच्या दुःखावर औषध घेऊन परतते.