साक्षीदाराची स्मृती आणि न्यायपीठ

न्यायमानसशास्त्रज्ञ म्हणजे गुन्हेगाराच्या मनाचा ठाव घेणारा शास्त्रज्ञ, अशी सामान्य समजूत आहे. परंतु या शास्त्राचा इतिहास पाहू जाता असे आढळते की, त्याच्या आरंभीच्या प्रयोगांचा एक प्रमुख विषय आरोपी नसून प्रामाणिक साक्षीदार हा होता.

इ. स. १९०१ मध्ये बर्लिन येथे कायद्याचे प्राध्यापक फॉन लिस्ट यांच्या वर्गात दोन विद्यार्थ्यांत कडाक्याचे भांडण जुंपले व एकाने पिस्तूल बाहेर काढले. हा सारा प्रसंग पूर्वनियोजित होता. मागाहून उपस्थितांकडून वृत्तांत घेतले, तेव्हा सर्वांत अचूक वृत्तांतातही शेकडा २६ विधाने चुकीची निघाली. सर्वांत सदोष वृत्तांतात हे प्रमाण शेकडा ८० पर्यंत गेले. यांपैकी कोणालाही खोटे बोलण्याचे कारण नव्हते.

हे संशोधन अमेरिकेत लोकांपुढे मांडले ते हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी. ‘ऑन द विटनेस स्टॅन्ड’ या १९०८ च्या ग्रंथात त्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. त्यांच्या घरी चोरी झाली असता त्यांनी शपथेवर सांगितले की, चोर तळघराच्या खिडकीतून आले आणि घड्याळ कागदात गुंडाळलेले होते. वस्तुतः तळघराचे दार फोडलेले होते व घड्याळ मेजावरील कापडात बांधलेले होते.

स्मृतीविषयी इतका सावध असलेला हा विद्वान स्वतःच्या शास्त्राविषयी मात्र तितका सावध राहिला नाही. आयडाहोचे माजी गव्हर्नर स्ट्यूननबर्ग यांच्या १९०५ मधील खुनाची कबुली हॅरी ऑर्चर्ड याने दिली व कामगार पुढारी हेवुड यांना त्यात गोवले. म्युन्स्टरबर्ग यांनी तुरुंगात ऑर्चर्डची शब्दसाहचर्याच्या व अन्य कसोट्यांनी परीक्षा करून त्याची कबुली खरी असल्याचा निर्वाळा दिला. तो वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला. परंतु १९०७ मध्ये ज्यूरीने हेवुड यांना निर्दोष ठरविले. पुढे १९०९ मध्ये पुरावाशास्त्राचे पंडित विग्मोर यांनी एका काल्पनिक खटल्याच्या रूपाने म्युन्स्टरबर्ग यांचा उपहास केला. वकीलवर्गावर त्यांनी केलेले आरोप सिद्ध करण्यास आवश्यक तो पुरावा कोठे आहे, हा विग्मोर यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दीर्घ काळ लागला. १९७४ मध्ये लॉफ्टस व पामर यांनी मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखवून वेगाविषयी प्रश्न विचारले. शब्द तेवढे बदलले. आठवड्यानंतर, फुटलेली काच पाहिली काय, असे विचारता ‘धडकल्या’ या सौम्य शब्दाने प्रश्न विचारलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी, तर ‘आदळून चिरडल्या’ अशा उग्र शब्दाने विचारलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला. चित्रपटात फुटलेली काच मुळीच नव्हती.

सत्य शोधून देणाऱ्या यंत्राचा मोह मात्र सुटला नाही. म्युन्स्टरबर्ग यांचे शिष्य मार्स्टन यांची रक्तदाबावरील असत्यपरीक्षा अमेरिकन न्यायालयाने १९२३ मध्ये ‘फ्राय’ खटल्यात नाकारली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘सेल्वी’ खटल्यात नार्को-चाचणी व तत्सम चाचण्या संमतीविना करणे घटनाबाह्य ठरविले.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, मानवी साक्ष कोठे व कशी चुकते हे दाखविताना मानसशास्त्रज्ञाने न्यायाची मोलाची सेवा केली. अमुक मनुष्य खरे बोलतो असा निर्णय तो स्वतः देऊ लागला, तेव्हा त्याने आपली मर्यादा ओलांडली. एका निरपराध व्यक्तीचे स्वातंत्र्य ज्या विधानावर अवलंबून असते, त्या विधानाविषयी हा विवेक न्यायपीठाइतकाच प्रयोगशाळेनेही पाळला पाहिजे.