कासारवाडी ते आकुर्डी : आडनावांवरून मूल्ये कळतात का?

१/ अमेरिकी अभ्यासक जॉर्ज इंग्लंड यांचा व्यवस्थापकांच्या वैयक्तिक मूल्यांवरील ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच देशांची तुलना होती. अमेरिकी व जपानी व्यवस्थापक 'हे साधेल का?' असे आधी पाहतात, तर भारतीय व्यवस्थापक 'हे योग्य आहे का?' या प्रश्नाकडे अधिक झुकतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

२/ पण 'भारतीय व्यवस्थापक' हा एकजिनसी गट होता का? त्याच काळात जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, कासारवाडी ते आकुर्डी या काही किलोमीटरांत, पारशी, मारवाडी आणि मराठी माणसे कारखाने चालवीत होती. पारशी दानशूर, मारवाडी हिशेबी, मराठी माणूस नोकरीपुरता, हे ठोकताळेही रूढ होते.

३/ कासारवाडीत बाष्प-उपकरणे बनविणारी फोर्ब्स मार्शल ही पारशी कुटुंबाची कंपनी. पुढे पिंपरीत टेल्को. घराणे पारशी, पण या कारखान्याला आकार दिला तो सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याने. वाहनांआधी त्यांनी यंत्रसाधने आणि कामगार-प्रशिक्षण उभे केले, उजाड माळावर तळे निर्माण केले, झाडे लावली. 'नोकरीपुरता' हा ठोकताळा येथेच मोडतो.

४/ आकुर्डीत बजाज आणि फिरोदिया ही दोन मारवाडी घराणी. जमनालाल बजाज गांधीजींचे निकटवर्ती, तर नवलमल फिरोदियांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेला. १९६८ मध्ये बजाज ऑटोची सूत्रे हाती घेणारे राहुल बजाज अनेक दशके कारखान्याच्या वसाहतीतच राहिले. समाज एक, वारसाही गांधीवादी. तरीही कंपन्यांच्या नियंत्रणावरून दोन्ही घराण्यांत दीर्घ संघर्ष झाला.

५/ खरी कसोटी १९८९ मध्ये लागली. टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यासमोर उपोषणास बसले आणि अखेर पोलिसांनी त्यांना तेथून ताब्यात घेतले. व्यवस्थापन नायर यांच्याशी बोलणी करण्यास तयार नव्हते. एका बाजूस शिस्तीचा आग्रह, दुसऱ्या बाजूस आपला नेता आपण निवडण्याचा हक्क. दानशूरतेच्या लौकिकातून या पेचाचे उत्तर मिळणार नव्हते.

६/ या रस्त्यावरील व्यवस्थापकांची मूल्ये जातीपातीइतकीच शिक्षण, स्वातंत्र्यलढा आणि कामगारांशी आलेला संबंध यांतून घडली. आज चाकणमध्ये जर्मन व्यवस्थापकही आहेत, आणि त्यांच्याविषयीचे ठोकताळेही तयार आहेत. ते तपासायचे असतील, तर त्या माणसांनी अडचणीच्या वेळी काय केले, हे नोंदवावे लागेल.