सकाळच्या बातम्या आणि पावणेआठचे चिंतन

सकाळचा पहिला चहा आणि आकाशवाणीच्या बातम्या यांची सांगड आमच्या पिढीच्या मनातून अद्याप सुटलेली नाही. म्हणूनच बीबीसी रेडिओच्या 'टुडे' या प्रभातकालीन कार्यक्रमाचा इतिहास वाचताना आम्हांस तो परका वाटला नाही.

२८ ऑक्टोबर १९५७ रोजी हा कार्यक्रम सुरू झाला. सकाळच्या हलक्याफुलक्या संगीताला पर्याय म्हणून वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे, तीही बातम्या, प्रार्थना आणि गाणी यांच्या फटीत बसवलेली! जॅक डी मानियो हे १९५८ पासूनचे निवेदक घड्याळ चुकीचे सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते. तरी श्रोत्यांनी त्यांच्यावर लोभ केला. पुढे ब्रायन रेडहेड, जॉन हंफ्रीज यांच्या काळात मंत्र्यांना धारेवर धरणाऱ्या मुलाखती ही त्याची ओळख झाली. डिसेंबर १९८८ मध्ये तर पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी कार्यक्रम ऐकता ऐकता स्वतःहून दूरध्वनी केला होता.

वाचकहो, या गदारोळात पावणेआठच्या सुमारास जेमतेम तीन मिनिटे एक वेगळाच सूर लागतो. १९७० पासून चालत आलेले हे 'थॉट फॉर द डे' नावाचे चिंतन. ख्रिस्ती धर्मगुरूंप्रमाणेच ज्यू रब्बी लायोनेल ब्लू आणि शीख विचारवंत इंद्रजित सिंग यांनीही ते वर्षानुवर्षे केले. नास्तिकांना तेथे स्थान नाही, ही तक्रार जुनी आहे. खुद्द हंफ्रीज यांनी २०१७ साली ते कंटाळवाणे ठरवले. (काही प्रवचने ऐकताना आम्हांलाही त्यांचे म्हणणे पटते!) सप्टेंबर २०१० मधील ब्रिटनभेटीनंतर त्याच वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या पूर्वदिनी, पोप बेनेडिक्ट सोळावे या चिंतनातून बोलले. पोप फ्रान्सिस २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्लासगो येथील हवामान परिषदेच्या तोंडावर बोलले.

परंतु या कार्यक्रमाची खरी कसोटी लागली ती २९ मे २००३ रोजी. इराकी शस्त्रांसंबंधीच्या अहवालातील पंचेचाळीस मिनिटांचा दावा चुकीचा असल्याचे सरकारला बहुधा ठाऊक होते, असे पत्रकार अँड्र्यू गिलिगन सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी बोलून गेले. त्यांच्या माहितीचा स्रोत ठरलेले शास्त्रज्ञ डेव्हिड केली जुलैमध्ये मृतावस्थेत आढळले. जानेवारी २००४ मध्ये न्यायमूर्ती हटन यांच्या अहवालाने बीबीसीवर ठपका ठेवला. अध्यक्ष, महासंचालक आणि गिलिगन या तिघांनीही पदे सोडली. इराकमध्ये शस्त्रांचे ते साठे पुढे सापडले नाहीत, हेही तितकेच खरे. प्रश्न रास्त होता. एक वाक्य मात्र सैल गेले, आणि सत्ताधाऱ्यांना तेवढे पुरले.

ते वाक्य कागदावर लिहिलेले नव्हते. पावणेआठचे चिंतन मात्र आधी लिहून, निर्मात्याच्या नजरेखालून गेल्यावरच वाचले जाते.