भोपाळ वायुदुर्घटना : मनुष्यहानीची मोजदाद
२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ई-६१० या टाकीतून सुमारे ४० टन विषारी मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले. किती माणसे मेली आणि दोष कोणाचा, हे दोन्ही वाद त्यानंतर अनेक दशके चालले.

कारखाना शहराच्या उत्तरेला. वाऱ्याबरोबर वायू जे. पी. नगर, काझी कॅम्प आणि रेल्वे स्टेशनकडे पसरला. दक्षिणेची अरेरा कॉलनी, म्हणजे बंगलेवाल्यांची वस्ती, बव्हंशी वाचली. पुढे ५६ पैकी ३६ वॉर्ड वायुग्रस्त ठरले आणि १९९० पासून दरमहा २०० रुपयांची अंतरिम मदत याच वॉर्डांच्या रहिवाशांना मिळू लागली. उरलेल्या २० वॉर्डांतूनही भरपाईची मागणी झाली. वाऱ्याला वॉर्ड ठाऊक नसतात, पण कारकुनाला लागतात. त्या रात्री स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या परगावच्या प्रवाशाला तर वॉर्डच नव्हता.

मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९. राज्य सरकारने पुढे ३,७८७ सांगितला, २०१० च्या वाढीव भरपाईच्या याचिकेत केंद्राने ५,२९५ दिला. पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात. हे आकडे एकाच गोष्टीची मोजणी नाहीत. पहिला तातडीच्या मृत्यूंचा, केंद्राचा मंजूर दाव्यांचा. दावा मंजूर व्हायला कागद लागे, आणि ज्यांची घरेच्या घरे रातोरात पळाली त्यांच्याकडे तो असणार कुठून?

वैद्यकीय पुरावा गांधी मेडिकल कॉलेजात जमला. न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदने केली, उतींचे नमुने जपून ठेवले. रक्ताच्या लालभडक रंगावरून सायनाइडचा संशय आला आणि त्यावरचा उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही यावर डॉक्टरांत फळ्या पडल्या. मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने जे. पी. नगरची तुलना दूरच्या अण्णा नगरशी करून पाहणी केली. सरकारी यंत्रणेबाहेरच्या कामांत ती सर्वांत पद्धतशीर पाहण्यांपैकी एक.

दोषाबाबत सरकार आणि कंपनी या दोन्ही बाजूंना एवढे मान्य होते : टाकीत पाणी शिरले. सरकारी शास्त्रज्ञांचा डिसेंबर १९८५ चा वरदराजन अहवाल कारखान्याच्या रचनेतील व सुरक्षाव्यवस्थेतील उणिवांकडे बोट दाखवतो. कंपनीच्या १९८८ च्या अहवालानुसार एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडले. त्या कामगारावर खटला कधीच झाला नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये सरकार व कंपनीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही सुमारे ३,००० मृत आणि लाखभर जखमी धरून. भरपाई मिळालेल्यांची संख्या अखेर साडेपाच लाखांवर गेली.

७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल २ वर्षांची शिक्षा दिली. दुर्घटनेच्या वेळचे कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत. २०१४ मध्ये ते वारले. वाढीव भरपाईची केंद्राची ती याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली, पीडितांचा विमा न उतरवल्याचा ठपका सरकारवरच ठेवला आणि रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरायला सांगितले.